फाटकापर्यंतचं पेट्रोल

नाही नाही, जावईबापू, आता स्टार्टर मारू नका—बॅटरी उतरेल. किल्ली द्या इकडे. घाई आहे, कळलं हो, मघापासून तेच सांगताय, पण गाडीला ना सासऱ्याचा धाक ना जावयाचा. सुरू झाली, फाटकापर्यंत गेली, दोन आचके दिले आणि मेली—आता इंजिन नुसतं फिरतंय, पेट घेत नाही. असंच ना? म्हणजे बॅटरी ठीक. उरलं काय? एकतर ठिणगी, नाहीतर पेट्रोल. मी तर एकदा नुसत्या शिंकेवरून दुखणं ओळखलं होतं—गाडीच्या नव्हे हो, मालकाच्या शिंकेवरून! हसा की जरा. बरं, राहिलं.

किल्ली अर्धी फिरवतो, तुम्ही मागच्या सीटपाशी कान द्या—पंपाची गुणगुण येते? नाही ना? मग पेट्रोल पुढे येतच नाहीये... ठकू, अगं उतर की, आत उकडत असेल. नको? अहो, मी तिला विचारतोय, तुम्ही कशाला उत्तर देताय? लहानपणी हिनं गप्प बसावं म्हणून शेजारी हात जोडायचे, आणि आता—तुमच्या घरी जाऊन भलतीच गुणी झाली हो. फोनसुद्धा तिचा तुमच्याच खिशात. नाही, सहज म्हटलं. आपलं दिसलं म्हणून.

तर पंप. आमच्या जुन्या गाडीवर चोरांचा फार डोळा, म्हणून मी रोज पंपाचा फ्यूज काढून उशाखाली घेऊन झोपायचो. आणि गंमत काय, फ्यूज नसला तरी गाडी लगेच बंद पडत नाही—नळीत उरलेल्या पेट्रोलवर सुरू होते, ऐटीत निघते, आणि बरोबर फाटकात बसकण मारते! एक चोर तर इतका ओशाळला, की मलाच उठवून म्हणतो, काका, जरा धक्का द्या! तो फ्यूज काढायचं काम मात्र आमच्या ठकूचं—बोटं अशी बारीक, की चिमटासुद्धा लागायचा नाही. आज सकाळीही बघा, काच धुवायचं पाणी भरते म्हणून बॉनेट उघडून हीच उभी—

हं.

थांबा, हा फ्यूजचा डबा बघू.

...काही नाही. अहो, काही नाही म्हटलं ना! सगळे जागच्या जागी आहेत. तुम्ही वाकू नका, शर्टाला तेल लागेल. मघाचं? ते चोराचं? थापा हो त्या, मी थापाड्या आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. पंप जळलाय. टाकी उतरवावी लागणार, आज काही व्हायचं नाही—उद्याचंही सांगता येत नाही. तुम्ही कोपऱ्यावरून बस पकडा. एकटेच. ती? ती कशी येणार, बापाकडे गाडी पडलीय ना दुरुस्तीला, कोणीतरी थांबायला नको? नाही, तिच्याशी बोलायचं असेल तर इथूनच बोला. माझ्या अंगावरून जायचं काही कारण नाही. हा पाना? हातात होता, म्हणून आहे.

फोन तेवढा ठेवून जा. इथं, बॉनेटवर.

ठकू, उतर बेटा. बॅग राहू दे, मी आणतो. आणि मूठ उघडू नकोस, आहे तशीच राहू दे—घरात गेल्यावर बघू.

तुम्ही अजून इथंच? बस सुटेल, जावईबापू.