खाडीकाठचा सायकल ट्रॅक

अगं, आमच्या कळव्यात खाडीकाठाने चालायला आणि सायकलला ट्रॅक होणार म्हटल्यावर मी नाचायचंच बाकी ठेवलेलं! मासळीची टोपली घेऊन हायवेच्या ट्रकांमधून चालणं एकदाचं सुटणार ना! पण पालिकेचा साहेब आला तो ओहोटीला. ट्रॅक आखायला चिखलाच्या कडेने सरळ पांढरी फक्की मारत सुटला.

म्हटलं, "साहेब, भरतीला हे सगळं पाण्यात जातं."

"मावशी, नकाशा पास झालाय."

"मग थांबा इथेच तासभर."

थांबला. बुटांत पाणी शिरलं तसा ओरडला, "मग न्यायचा कुठून?"

"या माझ्या मागून!"

उंच बांधावरून मी पुढे, तो फक्की मारत मागे. शेवटी थबकला. "मावशी, हे वळण तुमच्याच दारात कसं आलं?"

म्हटलं, "मग? चहा नको तुम्हाला?"