फाटकावर बशीरमामू

दुपारी तीनची वेळ, तेरखेड्याजवळच्या एका फटाका कारखान्याचं फाटक. तिथं सगळ्यात वयस्कर कामगाराला मान म्हणून राखणीला बसवायची रीत आहे. कारखाना बघायला आलेल्या माझ्याशी बशीरमामू बोलत होते, तेवढ्यात एक टेम्पोवाला पेटती बिडी घेऊन त्यांच्या शेजारून आत निघाला. आत बाया फटाक्यांत दारू भरत होत्या. मी धावत जाऊन त्याचा दंड धरला आणि बिडी वाळूच्या बादलीत खुपसली.

"मामू, तुमच्या खांद्याला घासून गेला की तो."

"दिसलाच न्हाय. नजर तर साफ हाय माझी." टेम्पोमागची बारीक अक्षरं त्यांनी मला बसल्या जागेवरून वाचून दाखवली.

सुट्टी झाल्यावर मी त्यांना दवाखान्यात नेलं. बीपी भलतंच चढलेलं. डॉक्टर म्हणाले, "डोळे चांगले आहेत. पण बीपी जुनं असलं आणि वय झालं, की काहींना एकीकडं बघताना दुसरीकडचं ध्यानात येत नाही."

मालकाला मी म्हटलं, "जोडीला एक तरणा माणूस बसवा."

"मामूंचा अपमान व्हईल, साहेब. चहा घ्या."

चहा मी घेतला नाही. त्यानंतर सरकारी तपासणीवाले येऊन नुसत्या वाळूच्या बादल्या बघून गेले. फाटकावर मामू अजून एकटेच बसतात.