प्रोसेसर बदलायचा की नाही

शहाद्याच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या द्वारकाबाईंचे कान शेजारच्या बहीणभावाकडे लागले होते.

"जिनलदीदी, कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलूनच टाकू. गेम सारखा अडकतो."

"नको, तरुण. आपण दोघं एकदम खेळतो म्हणून अडकतो. मी गेल्यावर तुला एकट्याला हाच चालेल."

"ग्राफिक्स कार्ड अजून दणकट आहे गं. प्रोसेसरच म्हातारा झालाय."

"म्हातारं व्हयनं म्हणजे कामातून गयं, आसं तुले कोनी सांगं रे?" द्वारकाबाई फणकारल्या. "आन् पोरी, तू काय सासरले चालनी का? माहेरले ईशी तवय खेळशी ना!"

"सासरी नाही, आजी. माघात दीक्षा घेतेय. साध्वी झाल्यावर विजेच्या वस्तूला हात लावायचा नसतो. घरी राहायलाही येता येत नाही."

"ओ माय! या वयमा?"

"एकवीस पूर्ण झालीत."

उभ्या गल्लीला गप्प करणाऱ्या द्वारकाबाईंनी उघडं राहिलेलं तोंड पदरानं झाकलं.

"दीदी, माघाला अजून दोन महिने आहेत ना?"

"आहेत. मग?"

"मग दोघांना पुरेल असाच घेऊ."