मुंगसाला घातलेली शपथ

मान दुखायचं विचारताय? ते कोंबड्यांमुळं लागलंय मागं. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि कोल्हारच्या मळ्यात मी पहिल्यांदाच कोंबड्या पाळल्या. दिवसभर मोकळ्या फिरायच्या, आणि पिल्लं एकेक करून गायब! शेजारीण म्हणाली, "घार नेत आसंल." झालं, जिवाला घोर लागला. हातात काठी घेऊन, आभाळाकडं बघत मी अंगणात येरझाऱ्या घालायची. तव्यावर भाकरी करपली तरी मान खाली नाही.

एकदा सासूबाई कुंपणापाशी हात जोडून उभ्या. "अगं, मुंगूस! लई शुभ हाय."

ते पाठमोरं चाललं होतं. रामाची शपथ घातली की मुंगूस वळून तोंड दाखवतं, असं आमच्याकडं म्हणतात. सासूबाईंनी लगेच शपथ घातली.

मला कुठला धीर! "आत्याबाई, हाणू का काठी?"

"खुळी का काय! शुभाला काठी हाणत्यात व्हय?"

तेवढ्यात मुंगूस थांबलं आणि खरंच वळलं. तोंडात माझं शेवटचं पिल्लू!

सासूबाईंनी घाईघाईनं दुसरी शपथ घातली, "आता ते खाली ठिव रं बाबा!"

ती काही त्यानं पाळली नाही.