हद्दीतलं डांगर

...आणि वर शेजारच्या सिंधुबाई मलाच विचारतात, ‘भाऊ, खत कोणतं घातलं होतं हो?’ खत! अहो, माझ्या वेलाचं डांगर दाबून बसलात आणि खत विचारता? तुम्हाला सांगतो, सातपूरला तीस वर्षं लेथवर काढली, पण असा अपमान कुठल्या साहेबानं केला नाही!

रिटायर झालो, म्हटलं अंगणात डांगर, तुमचा तो लाल भोपळा, लावू. प्रतिभा, म्हणजे आमची ही, तेव्हाच म्हणाली, ‘बाजारात काय डांगर मिळत नाही?’ मिळतं हो! पण मोबाईलवर तो एक दाढीवाला... ‘मित्रांनो, फक्त तीन बिया आणि मूठभर शेणखत!’ त्याचं काय जातंय बोलायला? त्याच्या मागे डांगरांचा ढीग, आमच्याकडे दीड महिना नुसती पिवळी फुलं. सगळी नर! मग म्हणतो, ‘मित्रांनो, मादी फूल आलं की सकाळीच हातानं पराग लावा.’ म्हणजे साठीत मी, सहा वाजता, बनियनवर, फुलांची लग्नं लावतोय... आणि खिडकीतून ही, ‘बाजारात काय...’ कळलं, कळलं!

मी लावलेली सगळी लग्नं मोडली. एकच टिकलं, ते भुंग्यानं परस्पर लावलेलं, आणि तेही कुठे? भिंत ओलांडून सिंधुबाईंच्या पत्र्यावर! तरी लिंबाएवढं होतं तेव्हापासून राखलं मी ते. माझ्याबरोबर सकाळी ट्रॅकवर फिरायला येणारे वाल्मीकराव चहाला आले आणि सरळ बोट दाखवून म्हणतात, ‘ते काय, ते?’ अहो, कोवळ्या फळाला बोट दाखवलं की सडतं, एवढी अक्कल नाही? बोट वाकवा आधी! त्यात मी ट्रॅकवरच्या नऊ जणांना याच डांगराच्या घारग्यांचं आमंत्रण देऊन बसलो... आज संध्याकाळचं!

काल शिडी लावली, तर पलीकडून बाई, ‘भाऊ, राहू द्या. आमच्या हद्दीतलं आहे ना ते.’ हद्द! आणि हा कायदा कोणाचा? माझाच! त्यांचा शेवगा आमच्या अंगणात वाकतो, चार वर्षं शेंगा मी तोडतोय आणि भिंतीवरून ठणकावून सांगतोय, ‘हद्दीत आलं ते आमचं!’ बाईंनी शब्दन् शब्द जपून ठेवलेला. आता कुठल्या तोंडानं भांडू?

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं हो. आज सकाळी बाई दारात! हातात सात किलोचं डांगर, वर सुरी. ‘भाऊ, अख्खं डांगर बाईमाणसानं आधी चिरू नये म्हणतात. आमच्याकडे कोण गडीमाणूस आहे? तेवढी पहिली चीर तुम्ही द्या.’

दिली! काय करणार? आतून काय रंग होता... केशरी! जीव तुटला माझा. बाईंनी दोन्ही फाका उचलल्या, बिया तेवढ्या माझ्या ओंजळीत टाकल्या. ‘पुढच्या वर्षी भिंतीला लागूनच लावा हं.’

निघतो आता. आमची ही दारात पिशवी घेऊन उभी आहे, नुसती हसतेय. नऊ जण पाच वाजता घारगे खायला येतायत... आणि डांगर काय, बाजारात मिळतं.