ओव्याची धुरी

माझ्या दुसऱ्या बाळंतपणातली गंमत सांगते. सिझेरियन झालं होतं आणि टाके ओले होते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी जिना चढायला-उतरायला सक्त मनाई केली होती. घरी आल्यावर सासूबाईंनी शेगडी पेटवून मला ओव्याची धुरी दिली. धूर खिडकीतून बाहेर गेला, तशी शेजारची गुजराती भाभी धावत आली. "आग लगी है, भागो!" म्हणत तिने बाळाला उचललं. पोट धरून मी तिच्यामागे तीन मजले उतरले. मागोमाग सासूबाई आल्या. मला वाटलं, आता तरी शेगडी विझेल. माझ्या कानांना स्कार्फ बांधत त्या म्हणाल्या, "बघ, लागलं ना वारं! चल वर, आता परत धुरी घ्यावी लागेल."