शर्यतीच्या आदल्या रात्रीचं श्रीखंड

शनिवार, १८ ऑक्टोबर १९८६. तारीख मुद्दाम सांगते, कारण ती ठरवणाऱ्यांच्याच लक्षात आलेली दिसत नाही.

आदरणीय अध्यक्ष जगन्नाथराव, प्रमुख पाहुणे डॉक्टर त्र्यंबक, सत्कारमूर्ती लतिका आणि ॲन आर्बरच्या महाराष्ट्र मंडळातल्या माझ्या भुकेल्या बंधुभगिनींनो, दोन वर्षं मी या माइकसमोर आले नाही, त्याबद्दल क्षमा मागते. आज आले, त्याबद्दलही बहुधा मागावी लागेल.

लतिका सोमवारी कायमची तिकडे कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला चालली. त्याआधी उद्या सकाळी ती मॅरेथॉन पळणार आहे, सव्वीस मैल. आदल्या रात्री तिनं लवकर, साधं जेवून झोपायला हवं, म्हणून आपण तिला पाच वाजता या शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं. आता साडेआठ झालेत. ती उपाशी आहे. याहून जास्त प्रेम कुणी करू शकेल?

गेल्या वर्षीही आपण कमी पडलो नव्हतो. शर्यतीच्या आदल्या दिवशी दसऱ्याचं जेवण होतं. "लतिका, माझ्यासाठी एक जिलबी." "आणि माझ्यासाठी नाही का गं?" अठराव्या मैलावर ती पोट धरून रस्त्याच्या कडेला बसली. जिलबीला कुणी नावं ठेवली नाहीत. बाईमाणसाला झेपत नाही, एवढंच ठरलं.

तेव्हापासून ती बर्फातही पळाली. काय खाल्लं की पोट साथ देतं, हे स्वतःवर पारखून पाहिलं. भात, बटाटा, केळं. तळलेलं नाही, तिखट नाही. डॉक्टर त्र्यंबक म्हणाले, "अगं, खरी ताकद तुपात!" लिफ्टनं आमच्या दुसऱ्या मजल्यावर येतानाही ज्यांना धाप लागते, त्यांचा सल्ला हलक्यात कसा घ्यायचा?

म्हणून आज ती घरून कोरा भात घेऊन आली. तो इथल्या स्वयंपाकघरात सरलावहिनींना दिसला. "निरोपाच्या दिवशी असला आजाऱ्याचा भात? शोभतं का आपल्याला?" असं म्हणून त्यांनी मायेनं त्याला हिरव्या मिरच्यांची सणसणीत फोडणी दिली. वर खोबरं पेरलं. हसू नका वहिनी, ती रडायच्या बेतात आहे.

काय म्हणता, जगन्नाथराव? थोडक्यात? जरूर. तुमचं प्रास्ताविक पाऊण तास चाललं. त्यात 'आरोग्य' इतक्यांदा आलं, की तेवढ्यानंच तिचं पोट भरलं असेल.

पण मीही तेच करत नाही का? तिच्या वेळेवर माझं भाषण रंगवते आहे. खुर्चीतून उठतानाच हे मनात आलं होतं. पण कुणीतरी बोलल्याशिवाय तिची सुटका होणार नाही, हेही दिसत होतं.

तर लतिका, शाल राहिली, श्रीफळ राहिलं, सहा वक्ते राहिले. सर्वांच्या वतीनं, आणि कुणालाही न विचारता, मी जाहीर करते: तुझा सत्कार झाला. ऊठ. माझे यजमान पुरुषोत्तम गाडी सुरू करून बाहेर थांबलेत. आमच्या घरी कुकर झालाय. भातात फक्त मीठ आहे. नाही वहिनी, लोणचंसुद्धा नाही. टाळ्या नंतर वाजवा, आधी वाट द्या तिला.

गेली.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. काही कमीजास्त बोलले असेन, तर श्रीखंडाबरोबर तेही पोटात घाला. उद्याचं माझं एकच काम, चारचौघांत सांगून ठेवते म्हणजे मला टाळता येणार नाही: पहाटे साडेपाचला लतिकाच्या दाराशी गाडी घेऊन उभं राहायचं. रिकाम्या हातांनी.